तीन अक्षरांची तार

तारखात्यात नोकरी केलेल्या माणसाला एक खोड जन्मभर चिकटते. कुठेही ठोका ऐकू आला की तो त्यात अक्षरे शोधू लागतो. गळका नळ, आगगाडीची चाके, शेजारणीचे शेंगदाणे कुटणे, सगळ्यांतून कुणीतरी काहीतरी कळवीत आहे असे त्याला वाटत राहते. मी 1968 साली खात्यात लागलो तेव्हा मोर्सची किल्ली चालू होती. पुढे टेलिप्रिंटर आले, संगणक आले, मी सेवानिवृत्त झालो, आणि जुलै 2013 मध्ये तारसेवाच बंद झाली. माझी बोटे मात्र अजून निवृत्त झालेली नाहीत. जेवणाच्या टेबलावर, बसच्या दांडीवर, खुर्चीच्या हातावर ती आपली चालूच असतात. आमच्या हिला याचा फार राग येतो. "पुरे झाली ती टकटक," ती म्हणते, "आता कुणाला तार करायची राहिली आहे?"

या प्रश्नाचे उत्तर मला बरीच वर्षे देता आले नाही. ते मिळाले 2025 च्या उन्हाळ्यात, टोरोंटोला मुलाच्या घरी, आणि तेही एक चित्रपट पाहताना.

चित्रपट म्हणजे अनुबोधपट. 'रश : बियाँड द लाइटेड स्टेज' हे त्याचे नाव. सॅम डन आणि स्कॉट मॅकफेडियन या दोघा कॅनेडियन दिग्दर्शकांनी तो 2010 साली काढला. रश हा टोरोंटोचा एक बँड. बँड म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे वरातीतले लाल डगले उभे राहतात. पण हा तसा बँड नव्हे. माणसे तीनच. गेडी ली गातो आणि बेस गिटार वाजवितो, ॲलेक्स लाइफसन गिटार वाजवितो, आणि नील पर्ट ड्रम वाजवी व गाणीही लिही.

'रश' हे नाव मला नवे नव्हते, हे आधी कबूल केले पाहिजे. 1993 साली मुलगा अकरावीत होता. मित्राकडून भरून आणलेल्या एका कॅसेटवर हे नाव निळ्या शाईने लिहिलेले मी पाहिले होते. पुढच्या वर्षी त्याने कुठूनशी एक जुनी गिटार मिळविली आणि एके दिवशी जेवता जेवता जाहीर केले, "बाबा, मला पुढे शिकायचे नाही. मला हेच करायचे आहे." मी ओरडलो नाही. मी ओरडणारा बाप नव्हे, याचा तेव्हा मला अभिमानही होता. मी हात धुतले, गिटार उचलून कपाटावर ठेवली आणि म्हणालो, "पदवी हाती आली की काढू." पदवी आली, नोकरी आली, लग्न झाले, कॅनडा झाला. गिटार कपाटावरच राहिली. तिच्यावरून आमच्यात पुन्हा एक शब्दही झाला नाही. शब्द झाला नाही म्हणजे गोष्ट मिटली, असे मी तीस वर्षे धरून चाललो होतो.

त्या रात्री सूनबाई कामावर गेली होती, ही झोपली होती. मुलगा जरा चाचरतच म्हणाला, "बाबा, एक दाखवू? कंटाळा आला तर खुशाल झोपा."

या संगीतातले मला कळते असे म्हणणे लबाडीचे होईल. त्याला 'प्रोग्रेसिव्ह रॉक' म्हणतात. 1960 च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये काही तरुणांना तीन मिनिटांच्या गाण्याची चौकट अपुरी वाटू लागली. त्यांनी युरोपच्या अभिजात संगीतातून, जाझमधून हवे ते उचलले, मध्येच ताल बदलले, आणि ध्वनिमुद्रिकेची एक अख्खी बाजू व्यापणाऱ्या रचना मांडल्या. भावगीत ऐकायला बसलेल्या श्रोत्यांपुढे गवयाने एकदम बडा ख्याल मांडावा, तसा हा प्रकार. साहजिकच काही लोक वेडे झाले आणि काही उठून गेले. रशच्या नशिबी दोन्ही आले. समीक्षकांनी त्यांना वर्षानुवर्षे हिणविले. लीच्या उंच, चिरक्या आवाजाची तर टवाळी झाली.

झोपेची तयारी करून बसलेला मी ताठ झालो तो या तिघांच्या आईबापांमुळे. लीचे आईवडील पोलंडचे ज्यू. दोघेही कोवळ्या वयात नाझींच्या छळछावण्यांत सापडले, ऑशविट्झमधून वाचले, युद्धानंतर एकमेकांना पुन्हा भेटले आणि लग्न करून कॅनडात आले. मुलाचे नाव ठेवले गॅरी. पण आईच्या तोंडी त्याचे 'गेडी' होई. तेच पुढे साऱ्या जगाने उचलले. गेडी बारा वर्षांचा असताना वडील वारले आणि आईने त्यांचे दुकान चालवायला घेतले. पोराने गिटार हाती घेतली तेव्हा त्या माउलीला काय वाटले असेल, याची कल्पना मला करता येते. पण त्याची पहिली ध्वनिमुद्रिका 1974 साली निघाली, तेव्हा तिने दुकानाच्या काचा त्याच्या जाहिरातींनी भरून टाकल्या, आणि ज्या पोरांच्या खिशात पैसे नसत त्यांना ध्वनिमुद्रिका तशाच देऊन टाकल्या. छावणीतून जिवंत परतलेल्या बाईला कशाची भीती वाटायला हवी आणि कशाची नाही, हे बहुधा आपल्यापेक्षा नीट कळत असावे.

लाइफसनचे आईवडील युगोस्लाव्हियातून आलेले सर्ब. मूळ आडनाव झिव्होयिनोविच. त्यातल्या 'जीवन' या अर्थाच्या शब्दावरून पोराने 'लाइफसन' केले. गेडी आणि ॲलेक्स शाळेपासूनचे मित्र. ती शाळा टोरोंटोच्या विलोडेल भागातली, मुलाच्या घरापासून मोटारीने अर्ध्या तासावर. या ॲलेक्सचा एक तुकडा चित्रपटात आहे. 1970 च्या दशकाच्या आरंभी ॲलन किंग नावाच्या दिग्दर्शकाने काही तरुण मुलामुलींना एका शेतावर ठेवून चित्रपट केला होता; त्यांत ॲलेक्स होता. तेथले जुने दृश्य येथे दाखविले आहे. सतरा-अठरा वर्षांचा पोरगा आईबापांशी वाद घालतो आहे. ते शाळा पुरी कर म्हणताहेत. त्याला शाळा नको, संगीत हवे. परमुलखात अंगमेहनतीवर उभ्या राहिलेल्या माणसांच्या चेहऱ्यावरची ती काळजी, आणि पोराच्या चेहऱ्यावरचे ते 'यांना कसे सांगू?'...

मी चोरून मुलाकडे पाहिले. तो पडद्याकडेच पाहत होता. इतक्या लक्ष देऊन, की माझ्याकडे बघायचे नाही हे त्याने ठरविले आहे हे कळावे.

पुढची कथा मी थोडक्यात सांगतो. मूळचा ड्रमवाला प्रकृतीमुळे गेला आणि 29 जुलै 1974 रोजी नील पर्ट आला. वडिलांच्या शेतीच्या यंत्रांच्या व्यवसायात काम करणारा, पुस्तके वाचणारा, उंच, अबोल मुलगा. 1975 ची त्यांची ध्वनिमुद्रिका पडली. कंपनी म्हणाली, आता छोटी, खपणारी गाणी करा. तिघांनी विचार केला की बुडायचेच आहे तर आपले गाणे गाऊन बुडू; आणि 1976 साली वीस मिनिटांहून लांब अशी एक रचना एका अख्ख्या बाजूवर घातली. तिचे नाव '2112'. ती बुडाली नाही. तिनेच त्यांना वर काढले.

या रचनेतली गोष्ट मी मुलाला विचारली, आणि न विचारतो तर बरे झाले असते. पुढच्या काळातले एक राज्य असते. तेथे काय वाचावे, काय ऐकावे हे पुजारी ठरवितात. एका तरुणाला गुहेत एक जुनी गिटार सापडते. तो ती वाजवायला शिकतो आणि मोठ्या आनंदाने पुजाऱ्यांकडे घेऊन जातो. त्याला वाटते, हे शहाणे लोक खूश होतील. ते वाद्य चिरडून टाकतात. मग त्या तरुणाची जगण्याची इच्छाच संपते.

"मोडून टाकतात?" मी विचारले.

"हो."

"कपाटावर नाही ठेवत?"

तो हसला. मीही हसलो. पण दोघेही फार वेळ हसलो नाही.

चित्रपटाच्या उत्तरार्धात पर्टवर आभाळ कोसळते. ऑगस्ट 1997 मध्ये त्याची एकुलती एक तरुण मुलगी मोटार अपघातात जाते. दहा महिन्यांनी पत्नी कर्करोगाने जाते. मी आता निवृत्त झालो असे समजा, असे मित्रांना सांगून तो मोटारसायकलवर बसला आणि सुमारे 88,000 किलोमीटर हिंडला. इकडे ली आणि लाइफसन यांनी काय केले? काहीच केले नाही. दुसरा ड्रमवाला शोधला नाही, त्याला परत ये म्हटले नाही. ते थांबले. पर्ट सावरला, पुन्हा लग्न केले, आणि 2002 साली तिघांची नवी ध्वनिमुद्रिका निघाली. घरात एखादे माणूस दुःखात असले की आपण समजुती घालतो, वाटा सुचवितो. त्याची जागा रिकामी ठेवून गप्प बसणे फार थोड्यांना जमते. मीही गप्प बसलो होतो, तीस वर्षे. पण माझ्या गप्प बसण्यात जागा राखलेली नव्हती, ती बंद केलेली होती. दोन्ही गप्प बाहेरून सारखेच दिसतात, हीच पंचाईत.

शेवटी नावे सरकत असताना तिघे मित्र जेवायला बसलेले दिसतात. खातात, पितात, एकमेकांची थट्टा करून लहान पोरांसारखे खिदळतात. 1 ऑगस्ट 2015 रोजी लॉस एंजेलिसला त्यांचा अखेरचा कार्यक्रम झाला. एकेचाळीस वर्षांत तिघांपैकी कुणी बदलले नव्हते. 7 जानेवारी 2020 रोजी पर्ट मेंदूच्या कर्करोगाने गेला. चित्रपट त्याआधी दहा वर्षांचा, म्हणून त्या जेवणात अजून सगळे जिवंत आहेत आणि कुणालाही घाई नाही.

चित्रपट संपला. मुलगा म्हणाला, "बाबा, आता एकच ऐका. यात शब्द नाहीत." आणि त्याने त्यांची 1981 सालची एक रचना लावली.

सुरुवातीलाच ठोके आले. लांब, आखूड, लांब, लांब. पुन्हा तसेच. मग लांब, लांब, आखूड, आखूड. माझी बोटे खुर्चीच्या हातावर माझ्याआधी चालू लागली.

"वाय, वाय, झेड," मी म्हणालो.

मुलाने एकदम माझ्याकडे वळून पाहिले. "तुम्हाला कसे कळले?"

"अरे, पोटाचा धंदा होता माझा!"

मग त्याने सांगितले. वाय-वाय-झेड ही टोरोंटो विमानतळाची सांकेतिक अक्षरे. विमानांना दिशा कळावी म्हणून ती मोर्समध्ये आकाशात सतत धाडली जातात. विमानातून घरी परतताना ते ठोके कानी पडले आणि त्यांतून ही रचना झाली. मुंबईहून निघताना माझ्या पेटीला लावलेल्या चिठ्ठीवरही हीच तीन अक्षरे होती. मी ती पाहिली होती, ऐकली नव्हती. मी बोटांवर हिशेब केला. लांब ठोक्याच्या दोन मोजल्या, आखडाची एक. सात, सात आणि सहा, एकूण वीस. निम्म्या केल्या की दहा मात्रा. झपतालाइतक्याच. 2002 साली रिओच्या क्रीडांगणावर चाळीस हजार माणसे ही बिनशब्दांची रचना तोंडाने गात होती म्हणे.

"ही त्या कॅसेटवर होती?" मी विचारले.

"पहिलीच," तो म्हणाला.

म्हणजे 1993 साली, पलीकडच्या खोलीत, दार लोटून, माझा मुलगा माझीच भाषा ऐकत होता. मी दार उघडून एकदा उभा राहिलो असतो तर दोन सेकंदांत ओळखले असते. मी दारावर टकटक केली ती आवाज कमी कर हे सांगण्यासाठी.

मला बरेच काही बोलायचे होते. आमच्या पिढीला ते साधत नाही. मी खुर्चीच्या हातावर पाच अक्षरे ठोकली. त्याला मोर्स येत नाही. "हे काय?" त्याने विचारले. "चुकलो," मी म्हणालो. त्याला वाटले, माझा ताल चुकला. "नाही हो बाबा, बरोबर होता," तो म्हणाला. मी दुरुस्ती केली नाही. एवढी सवलत म्हाताऱ्याला असावी.

ऑक्टोबर 2025 मध्ये त्याचा फोन आला. ली आणि लाइफसन यांनी 2026 साठी पुन्हा दौरा जाहीर केला होता. ड्रमवर आनिका निलेस ही जर्मन वादक. त्याचा आवाज सोळा वर्षांचा झाला होता. फोन ठेवला आणि मी स्टूल घेऊन कपाटावरून गिटार काढली. तारा गंजल्या होत्या, लाकूड बरे होते. दुकानदाराने नव्या तारा चढवून दिल्या. यंदा मुलगा दिवाळीला येतो आहे. गिटार पुसून दिवाणावर ठेवली आहे, फराळाच्या डब्यांपासून जरा लांब.

हिने ती पाहिली, माझ्याकडे पाहिले, आणि टकटकीबद्दल या खेपेस काही म्हणाली नाही.