सोळाच्या वेगानं

ऑगस्ट २०१९ च्या महापुराचं पाणी उतरून आठवडा झाला असेल. पलूस तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावातून एक ताई माहेरी उंब्रजला आल्या आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या दुकानात. हातात किराण्याची पिशवी, पिशवीत चिखलानं माखलेल्या सीडीच्या डब्या. म्हणाल्या, "दादा, लग्नाचा अल्बम गेला. पार लगदा झाला त्याचा. यातलं काही निघतं का बघा. आमचे अण्णा चालते-बोलते फक्त यातच आहेत."

दुकानामागच्या मोरीत घमेल्यात स्वच्छ पाणी घेतलं, साबणाचे दोन थेंब टाकले आणि एकेक डिस्क बुडवून ठेवली. चिखल घासायचा नसतो, सुटू द्यायचा असतो. घासला की त्यातली वाळू रेघा मारते. अर्ध्या तासानं पहिली डिस्क वर काढली, मऊ सुती कापडानं मधून कडेकडे टिपली, आणि मधल्या पारदर्शक कड्यावर काळ्या मार्करनं लिहिलेला आकडा दिसला : १६. अक्षर माझंच होतं. मे २००४ मध्ये ती डिस्क मीच राइट केली होती, सोळाच्या वेगानं.

पिशवीत दोन संच होते. लग्न पावणेतीन तासांचं. व्हीसीडीवर एका डिस्कमध्ये सव्वा तासाच्या आसपास चित्रण मावतं, म्हणून प्रत्येक संचात तीन डिस्क. एक संच माझ्याकडचा. दुसरा सासरच्या एका पाहुण्यानं घरच्या संगणकावर काढलेला, वर रंगीत स्टिकर लावलेला. माझ्या संचातल्या तिन्ही डिस्क पूर्ण वाचल्या गेल्या. दुसऱ्या संचातल्या एकीचा स्टिकर भिजून फुगला होता. तो सुटताना खालचा चकचकीत थरही घेऊन गेला. उरलेल्या दोन सुरुवातीला नीट चालल्या आणि शेवटच्या भागात अडकल्या. त्या शेवटाकडेच का अडकल्या, हे समजलं की रायटर कसा निवडायचा हेही समजतं.

तारळी नदी कृष्णेला मिळते तिथलं आमचं गाव, पुणे-बंगळूर महामार्गावर, साताऱ्याहून येताना कराडच्या अलीकडं. दुकान टाकलं २००१ साली. पहिला सीडी रायटर आणायला एस.टी.नं पुण्याला गेलो आणि बुधवार पेठेत दिवसभर फिरलो. आठ हजारांच्या घरात किंमत होती आणि तेवढ्या पैशांत चूक परवडणारी नव्हती. दोन-तीन वर्षांतच भाव उतरले. घरोघरी संगणक येऊ लागले आणि प्रत्येकाचा एकच प्रश्न असायचा, "कितीचा घेऊ? बावन्नचाच ना?"

रायटरच्या तोंडावर तेव्हा तीन आकडे छापलेले असत : ५२, ३२, ५२. पहिला सीडी-आर राइट करण्याचा वेग, दुसरा पुसून पुन्हा राइट करता येणाऱ्या सीडी-आरडब्ल्यूचा, तिसरा वाचण्याचा. एक एक्स म्हणजे सेकंदाला १५० किलोबाइट, गाण्याची सीडी वाजते तो वेग. ८० मिनिटांची डिस्क एक एक्सनं राइट करायला ८० मिनिटं लागतात. चारनं २०, आठनं १०, सोळानं ५. इथपर्यंत प्रत्येक पायरीला मिनिटं वाचतात. त्यापुढं हिशेब बदलतो. ५२ एक्सच्या रायटरला पूर्ण डिस्कसाठी सुमारे अडीच ते तीन मिनिटं लागतात. म्हणजे वेग तिपटीहून जास्त आणि वाचली जेमतेम दोन मिनिटं.

याचं कारण फिरण्यात आहे. सीडीवरची रेघ आतून बाहेर जाते. आतला घेर लहान, बाहेरचा मोठा. ५२ चा रायटर डिस्कला पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच गतीनं गरगरवतो, मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्या आसपास. त्यामुळं आतल्या कडेला प्रत्यक्ष वेग वीस-एकवीस एक्सच पडतो आणि ५२ गाठला जातो तो अगदी बाहेरच्या कडेला. तिथं डिस्कचा पृष्ठभाग लेझरसमोरून ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या वेगानं सरकत असतो. आमच्या महामार्गावर एवढ्या वेगानं काहीच धावत नाही. आणि त्या वेगात लेझरला १.६ मायक्रॉन अंतरावर असलेल्या रेघांपैकी नेमकी एक धरून ठेवायची असते. डिस्क जराशी वाकडी असेल, रायटरचा सांधा थोडा ढिला असेल किंवा डिस्कचा थर कडेला असमान असेल, तर चुका तिथंच वाढतात. ताईंच्या दोन डिस्क शेवटाकडं अडकल्या त्या याच भागात. एका पिशवीवरून मी नियम मांडत नाही. पण इतक्या वर्षांत अडलेल्या ज्या डिस्क माझ्या टेबलावर आल्या, त्यातल्या बहुतेक अशाच बाहेरच्या कडेला अडलेल्या होत्या.

म्हणून माझं उत्तर तेव्हाही तेच होतं आणि आजही तेच आहे. रायटर ५२ चा असू द्या, तेव्हा बाजारात तोच मिळायचा. पण राइट करताना १६ किंवा २४ वर ठेवा. घरातल्या माणसाला दिवसाला पन्नास डिस्क काढायच्या नसतात. त्याला एक काढायची असते आणि ती वीस वर्षं चालायला हवी असते.

वेग बाजूला ठेवला की रायटर पारखायच्या तीन-चार गोष्टी उरतात. पहिली, बफर रिकामा पडला तरी डिस्क वाया जाऊ नये याची सोय. रायटर संगणकाकडून डेटा घेतो, थोडा स्वतःजवळ साठवतो आणि सलग लिहीत जातो. ५२ एक्सला सेकंदाला जवळपास ८ मेगाबाइट लागतात. दोन मेगाबाइटचा बफर पाव सेकंदात संपतो. त्या क्षणी संगणक दुसऱ्या कामात गुंतला तर जुने रायटर डिस्क तिथंच सोडून देत आणि ती कायमची बाद होई. २००० साली सान्योनं बर्न-प्रूफ हे तंत्र बाजारात आणलं. रायटर थांबतो, जागा लक्षात ठेवतो आणि डेटा आला की तिथूनच पुढं लिहितो. मग इतर कंपन्यांनीही आपापल्या नावानं तीच सोय दिली. माझ्या पहिल्या रायटरला ती होती आणि आठ हजारांतला मोठा वाटा मी त्याच कारणासाठी मोजला.

दुसरी गोष्ट, कोऱ्या सीडीशी जमणं. सीडी-आर म्हणजे प्लास्टिकची चकती, तिच्यावर रंगाचा पातळ थर, त्यावर चकाकणारा धातूचा थर आणि वर वार्निश. ७८० नॅनोमीटरचा लेझर तो रंग तापवून खुणा उमटवतो. रंगाच्या मुख्य जाती तीन. सायनिन निळसर-हिरवा दिसतो, अ‍ॅझो गडद निळा, थॅलोसायनिन फिकट सोनेरी किंवा जवळजवळ रंगहीन. प्रत्येकाला लेझरची ताकद वेगळी लागते. कोऱ्या डिस्कवर बनवणाऱ्याची ओळख आधीच कोरलेली असते. रायटर ती वाचतो, आपल्या आतल्या यादीत शोधतो आणि त्याप्रमाणं लेझर लावतो. यादीत नाव नसेल तर अंदाजानं काम करतो. म्हणून चांगल्या कंपनीचा रायटर म्हणजे मोठी यादी आणि ती वाढवत नेणारे नवे फर्मवेअर. नोएडाच्या मोझर बेअर कंपनीनं १९९९ पासून सीडी-आर बनवायला घेतली आणि ती जगातल्या सर्वांत मोठ्या उत्पादकांपैकी एक झाली. त्यामुळं आपल्याकडं खात्रीची डिस्क गावातल्या दुकानापर्यंत पोचली. शंभरच्या गठ्ठ्यातली बिननावाची डिस्क घेऊन महाग रायटर वापरणं म्हणजे उत्तम पेरणीयंत्रात पोचट बी भरणं.

तिसरी गोष्ट, संगणकातली जोडणी. त्या काळी रायटर चपट्या पट्टा केबलनं जोडलेला असे. हार्ड डिस्क आणि रायटर एकाच पट्ट्यावर असले की दोघांनी आळीपाळीनं बोलायचं. मी नेहमी रायटरला वेगळा पट्टा देई आणि मागचा जम्पर मास्टरवर ठेवी. विंडोज एक्सपीत आणखी एक अडचण होती. पट्टा चुरगळलेला असेल आणि चुका होत राहिल्या की ते आपणहून डीएमए सोडून जुन्या पीआयओ पद्धतीवर उतरत असे, आणि मग संगणकाची सगळी ताकद डेटा वाहण्यातच जाई. गिऱ्हाईक सांगायचं, "रायटर खराब झालाय, हळू चालतो." मी पट्टा बदलायचो, डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन ती वाहिनी काढून संगणक पुन्हा सुरू करायचो. अनेक रायटर अशा रीतीनं भंगारात जाण्यापासून वाचले.

चौथी गोष्ट कुठल्याच माहितीपत्रकात नसायची : वीज. ग्रामीण भागातल्या भारनियमनाची ती वर्षं ज्यांनी काढली त्यांना हे वेगळं सांगायला नको. दुकानात भिंतीवर वेळापत्रक चिकटवलेलं असायचं. पण लाईट वेळापत्रकाच्या आधी पाच-दहा मिनिटं गेली की गेली. बफर संपला तर बर्न-प्रूफ वाचवतो, लाईट गेली तर नाही. एका शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या डिस्क काढताना लागोपाठ चार बाद झाल्या, तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला सांगू लागलो : दोनशे रुपये जास्त देऊन वरच्या आकड्याचा रायटर घेण्यापेक्षा ते पैसे यूपीएसच्या बॅटरीत घाला. महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम चाललं होतं तेव्हा धुळीचंही तसंच. लेझरच्या भिंगावर धूळ बसली की नवा रायटरही सहा महिन्यांत म्हातारा होतो. संगणकावर नुसतं फडकं टाकलं तरी आयुष्य वाढतं, मात्र बंद केल्यावर. चालू संगणक झाकायचा नसतो.

आणि शेवटी तपासणी. डिस्क बाहेर आली, नाव दिसलं, की काम झालं असं समजू नका. राइट झाल्यावर व्हेरिफाय करायला लावा. पाच मिनिटं जास्त जातात. सीडीत चुका दुरुस्त करण्याची गणिती सोय मुळातच असते, त्यामुळं काठावरची डिस्कही पहिल्या दिवशी झकास चालते. पुढं ओरखडे पडतात, रंग फिका होतो आणि दुरुस्तीची ताकद संपते. म्हणून नव्या रायटरवर पहिली डिस्क काढली की ती ज्या प्लेअरवर लागणार आहे त्यावर लावून बघा, आणि घरात सर्वांत जुना असेल त्यावर तर नक्कीच. सीडी-आरडब्ल्यू त्यासाठी वापरू नका. तिच्यावरून प्रकाश कमी परततो आणि जुने प्लेअर तिला ओळखतच नाहीत.

माझ्याकडं २००१ पासूनची वही आहे. प्रत्येक महत्त्वाच्या डिस्कची तारीख, कंपनी, वेग. ताईंची नोंद तिच्यात सापडली. अशा वहीमुळंच कुठल्या रायटरवर, कुठली डिस्क, कुठल्या वेगानं टिकली हे मला सांगता येतं. घरी एवढी मोठी वही कशाला, पण डिस्कच्या मधल्या कड्यावर तारीख आणि वेग मार्करनं लिहायला वेळ लागत नाही. बॉलपेन नको, वरच्या वार्निशखाली लगेच धातूचा थर असतो आणि टोकाचा दाब तिथपर्यंत पोचतो.

आज हे सगळं कशासाठी, असं कुणी विचारेल. नव्या लॅपटॉपला ट्रेच नसतो. मोझर बेअर २०१८ मध्ये अवसायनात निघाली. सोनीनं फेब्रुवारी २०२५ मध्ये घरी राइट करायच्या ब्ल्यू-रे डिस्कचं उत्पादन थांबवलं. पण आपल्या घरांत २००० ते २०१२ या काळातली लग्नं, बारशी, गावच्या यात्रा, भजनी मंडळांची गाणी अजून डिस्कवरच आहेत आणि त्या डिस्क वाचायलाही रायटर कामी येतो. उत्तम रायटर तो, जो दुसऱ्याच्या अडलेल्या डिस्क वाचतो. ताईंच्या डिस्क मी दोन वेगवेगळ्या रायटरवर लावल्या होत्या. एकावर अडलेली दुसऱ्यावर चालते, हे नेहमीचं आहे.

आज घ्यायचाच असेल तर यूएसबीला लावायचा बाहेरचा डीव्हीडी रायटर घ्या. हे बारीक अंगाचे रायटर सीडी २४ एक्सला आणि डीव्हीडी ८ एक्सला राइट करतात. त्याहून जास्त धावत नाहीत, आणि ते चांगलंच आहे. नाव असलेल्या कंपनीचा, वॉरंटीचा कागद असलेला घ्या. संगणकाच्या यूएसबीला थेट जोडा. एका भोकातून दहा तारा काढणाऱ्या हबला नको, त्याला पुरेसा करंट मिळत नाही आणि मग राइट करताना मध्येच बंद पडतो.

आणि दिवाळीची साफसफाई काढाल तेव्हा माळ्यावरचा, कपाटातला तो डिस्कचा डबा खाली काढा. स्टिकर लावलेल्या डिस्क आधी वाचून घ्या, त्या सर्वांत आधी जातात. स्टिकर मात्र ओढून काढू नका. बाकीच्या एकेक लावा, संगणकावर उतरवा, एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि दुसरी गावाबाहेरच्या एखाद्या नातेवाइकाकडं ठेवा. मूळ डिस्क फेकू नका. डबीत, उभ्या, उन्हापासून लांब ठेवा. ताईंकडं आता अण्णांच्या तीन प्रती आहेत. त्यातली एक उंब्रजला माहेरी आहे.