पाचनईला जाण्याआधी

शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली की ऑफिसमधलं कुणीतरी विचारतंच, "हरिश्चंद्रगडाला तू पाचनईवरून गेला होतास ना? कसं जायचं?"

संभाजीनगरहून वैजापूर, कोपरगाव, संगमनेर, अकोले, राजूर, मग पाचनई. एसटीने राजूरपर्यंत पोचता येतं; पुढच्या गाड्या मोजक्या, म्हणून परतीची वेळ कंडक्टरलाच विचारून ठेवा. पेट्रोल राजूरलाच भरा. नकाशा डाउनलोड करा आणि रोख पैसे जवळ ठेवा, कारण पुढे रेंजचा भरवसा नाही आणि रेंज नसली की यूपीआयचा क्यूआर म्हणजे नुसतं चित्र. गडावर जायला पाचनईची वाट सगळ्यांत सोपी, दोन-अडीच तासांची. नळीच्या वाटेचे व्हिडिओ बघून पहिल्याच खेपेला तिकडे वळू नका. जेवणाची सोय गावातल्या घरांत होते, पण आदल्या दिवशी फोन करून माणसं किती ते सांगा. आणि सांगितली तेवढीच जा.

आता पाणी.

मी पहिल्यांदा गेलो तो मे महिना होता. आम्ही सहा जण गड उतरून घामाने चिंब झालेले. ओसरीजवळ पाण्याचा भरलेला ड्रम दिसला. हातपाय धुतले. एकाने डोक्यावर तांब्या ओतून घेतला, मग सगळ्यांनीच. मावशी चुलीपुढे भाकरी थापत होत्या, काही बोलल्या नाहीत. पोटभर वाढलं.

पहाटे हंड्यांच्या आवाजाने जाग आली. मावशी आणि त्यांची सून निघाल्या होत्या.

"मावशी, विहीर लांब आहे का?"

"हाय थोडी. तुमी निजा."

त्या परतल्या तेव्हा अंगणात ऊन आलं होतं.

दुसरा कुणी असता तर म्हणालो असतो, शहरातला आहे, त्याला काय कळणार. पण मी संभाजीनगरचा! आमच्या नळाला आठवड्याने पाणी येतं. पाण्याच्या दिवशी आई घराबाहेर पडत नाही. पाहुणा बाथरूममध्ये रेंगाळला की तिचा चेहरा मला लांबूनही वाचता येतो. तरी तो ड्रम मला दिसला नाही, म्हणजे दिसला, पण फुकटचा दिसला.

पाचनईला पावसाळ्यात धो धो कोसळतं, पण कातळावर पाणी थांबत नाही. गडावरून येणारी मंगळगंगा मुळेला मिळते, मुळा प्रवरेला, प्रवरा टोक्याजवळ गोदावरीला, आणि पुढे जायकवाडी. तिथून आमचा नळ. पावसाळ्यात त्यांच्या दारावरून गेलेलंच पाणी आमची आई पिंपात भरून ठेवते.

तर उन्हाळ्यात जाणार असाल तर आंघोळ घरी आल्यावर करा. पाणी गाडीतून न्या, माणशी पाच लिटर तरी. पुढच्या मे महिन्यात मी घरून वीस लिटरचे दोन जार भरून नेले. मावशींनी त्यातल्या पाण्याचा चहा ठेवला, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"औषधाचा वास येतो रं ह्याला," म्हणाल्या. दुसरा जार मात्र ठेवून घेतला. भांड्यांना.