ओळीतला आवाज

आमच्या घरी प्रवासाहून परतलेल्या माणसाला बाबा एक प्रश्न हमखास विचारतात. ‘काय आणलं?’ असा तो नसतो, ‘काय पाहून आला?’ असा असतो. इतवारीतील लोहा ओळीत पन्नास वर्षे गादीवर बसलेल्या माणसाच्या या प्रश्नाला मालाचे दर सांगून सुटका होत नाही. 2024च्या एप्रिलमध्ये मी चीनमधील ग्वांगझाऊ शहरी गेलो होतो, तेव्हा घरी धरमपेठेत परतण्याची वाटही न पाहता त्यांनी तो फोनवरच विचारला, आणि त्यापाठोपाठ असा दुसरा प्रश्न केला की मला उत्तर देता आले नाही. त्याची ही हकिकत.

ग्वांगझाऊ म्हणजे पूर्वीचे कँटन. 1957पासून तेथे वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, मोठा व्यापारी मेळा भरतो. बिजागऱ्या, कड्या, कुलपे हा आमचा व्यवसाय. त्यामुळे मेळ्याचा पहिला टप्पा आमच्या कामाचा. आपल्याकडील व्यापाऱ्याला चीनची वाट नवी नाही. ज्या जमशेदजी टाटांनी 1 जानेवारी 1877 रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, ते तरुणपणी 1859मध्ये वडिलांच्या पेढीच्या कामासाठी हाँगकाँगला गेले होते. पुढे मुंबईच्या गिरण्यांचे सूत चीनच्या बाजारात खपू लागले. फरक इतकाच, की तेव्हा आपण तिकडे माल पाठवीत होतो आणि आता तिकडून आणतो.

आपल्या घरांतून परदेशी निघालेल्या माणसापुढे पहिला प्रश्न जेवणाचा असतो. आईने सोबत दशम्या, भाजके पोहे आणि लिंबाचे लोणचे बांधून दिले होते. तरीही चार दिवस त्यावर निघणे कठीण. तेथे मला एका अक्षराचा शोध लागला. ‘सू’ असा त्याचा उच्चार; अर्थ शाकाहारी. बौद्ध पद्धतीच्या भोजनालयांच्या पाटीवर ते असते, आणि त्या स्वयंपाकात कांदा-लसूणही वर्ज्य मानतात. कंदमुळांचा प्रश्न मात्र उरतोच, कारण बटाटा आणि मुळा त्यांना चालतो. तेव्हा मुक्कामाच्या ठिकाणच्या एका मुलीकडून ‘जमिनीखाली वाढणारे काही नको’ असे तेथील लिपीत कागदावर लिहून घेतले. तो कागद वाचून भोजनालयातील आजीबाई आधी हसल्या, मग भात, टोफू आणि हिरव्या भाजीचे ताट समोर ठेवून समोरच उभ्या राहिल्या. मी जेवल्याची खात्री पटल्यावरच त्या हलल्या.

मेळ्याचे काम आटोपल्यावर एक दिवस हाती उरला. नदीकाठचा सहाशे मीटर उंच कँटन टॉवर पाहिला. रात्री त्यावर रंग बदलणारे दिवे लागतात आणि हजारो माणसे माना वर करून उभी असतात. मीही छायाचित्रे काढली. परंतु ज्या ठिकाणी माझा पाय खऱ्या अर्थाने अडला, ते ठिकाण अगदी वेगळे होते. शहराच्या जुन्या लीवान भागात एन्निंग रोड नावाचा रस्ता आहे. तेथील घरांचे वरचे मजले पुढे येऊन पदपथावर छप्पर धरतात, म्हणजे गिऱ्हाइकाला ऊन लागत नाही आणि पाऊसही लागत नाही. व्यापाऱ्याने गिऱ्हाइकाचा असा विचार केलेला पाहून बरे वाटले. याच रस्त्याला लागून योंगछिंग फांग नावाची जुनी वस्ती आहे. पडायला आलेली घरे पाडून टाकण्याऐवजी 2016च्या सुमारास ती दुरुस्त करण्यात आली, आणि आता शहराचे नवे आकर्षण म्हणून लोक ती पाहायला येतात. तेथून चालत असताना कानी ठोकण्याचा आवाज आला.

तांब्याची भांडी घडविणाऱ्यांची ती दुकाने होती. हा त्या भागाचा जुना, नावाजलेला धंदा. एक वयस्क कारागीर मांडीशी पातेले धरून लाकडी ठोकळ्यावर ते फिरवीत होता आणि हातोडीचा प्रत्येक घाव आधीच्या घावाच्या शेजारी नेमका पडत होता. मी तो आवाज मोबाइलवर टिपला आणि बाबांना पाठविला. सोबत काहीच लिहिले नाही.

थोड्याच वेळात त्यांचा फोन आला. “तांबं ठोकून राहिले ना? लोखंडाचा आवाज असा नसते.”

मी सारे वर्णन केले. जुनी घरे, दुरुस्ती, पाहायला लोटलेली गर्दी. बाबा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “आपल्या ओळीत अजून आवाज येते का रे?”

मला सांगता येईना. आमची पेढी आता शहराबाहेरच्या गोदामातून चालते. लोहा ओळीतील जुने दुकान महामारीपासून बंद होते, आणि ते विकण्यासाठी इसाराची बोलणीही मी केली होती. बाबांची संमती होती. निदान त्यांनी नकार दिला नव्हता. गुडघ्यांमुळे त्यांचे जिने चढणे सुटले होते, इतवारीची गर्दी सोसवत नव्हती, आणि ‘एकदा घेऊन जातो’ हे माझे वाक्य चार वर्षे जुने झाले होते. धरमपेठेहून इतवारी जेमतेम पाच-सहा किलोमीटर. दुसऱ्यांची जुनी गल्ली पाहायला मी समुद्र ओलांडून गेलो होतो.

परतल्यावर पहिला पाऊस पडून हवा निवली, तेव्हा एका बुधवारी सकाळी बाबांना घेऊन निघालो. मोटारीने नव्हे. शंकर नगर चौकातील मेट्रो स्थानकावर उद्वाहन आहे, त्यामुळे गुडघ्यांना विचारण्याची गरजच पडली नाही. सीताबर्डीच्या पुढचा मार्ग डिसेंबर 2022मध्ये सुरू झाला, तेव्हापासून आमच्या भागातून गाडी न बदलता थेट पूर्व नागपुरात जाता येते. ही गोष्ट मला वर्तमानपत्रातून ठाऊक होती. तिचा आमच्या घराशी काही संबंध आहे, हे मात्र लक्षात आले नव्हते.

बाबा खिडकीशी बसले. सीताबर्डीचा किल्ला इतक्या उंचावरून त्यांनी आयुष्यात प्रथमच पाहिला. कॉटन मार्केट येताच बैलगाड्यांनी येणारा कापूस आणि एम्प्रेस मिलचा भोंगा यांची आठवण निघाली. हे डबे चीनमधील दालियन शहरात बांधलेले आहेत, असे मी सांगितले, तेव्हा ते डोळे मिचकावून म्हणाले, “म्हणजे तू एकटाच तिकडला माल आणून नाही राहिला!”

चितार ओळी चौकात उतरलो. मूर्तिकारांची ही जुनी वस्ती. गणपती अजून दूर होते, तरी त्यांची तयारी कुठेतरी सुरू झालीच असणार, असे बाबा म्हणाले. तेथून ई-रिक्षाने लोहा ओळीत पोहोचलो. हातगाड्या, दुचाकी, पत्रा कापणाऱ्या यंत्राची किंचाळी. हातोडीचा आवाज नव्हता. आमच्या दुकानाच्या शटरवर कुणीतरी जाहिरात चिकटविली होती. बाबांनी ती नखाने थोडी खरवडली आणि सोडून दिली. मी मान खाली घालून उभा होतो.

तेवढ्यात समोरच्या दुकानातून हाक आली. बाबांच्या बरोबरीचे तेथील शेठजी स्वतः उठून आले, खुर्ची मांडली, पाणी मागविले. दोघांनी एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी केली. त्याच वेळी एक बाई बिडाचा तवा घ्यायला आल्या होत्या. नोकर किंमत सांगत होता. बाबांनी न विचारताच हात पुढे केला, एक तवा उचलून बोटाच्या पेराने त्यावर टकटक केली आणि बाजूला ठेवला. “याच्यात तडा आहे.” दुसरा वाजविला. घंटेसारखा स्वच्छ नाद उमटला. “हा घ्या.” बाईंनी तो घेतला. शेठजी हसून म्हणाले, “आमच्या ओळीचा कान परत आला.”

परतीच्या गाडीत बाबा बराच वेळ बोलले नाहीत. शंकर नगर जवळ आल्यावर म्हणाले, “दुकान विकून टाक. मला बसायला समोर खुर्ची आहे.”

दिवाळीनंतर सौदा झाला. सही करताना बाबांचा हात थरथरला नाही. माझाच थोडा थरथरला. आता त्यांच्याकडे मेट्रोचे कार्ड आहे. दर बुधवारी सकाळी ते एकटे जातात, दोन तास समोरच्या दुकानात बसतात आणि जेवणाच्या वेळेपर्यंत घरी येतात. येताना कधी सांबारवडी असते, कधी मुलांसाठी संत्रा बर्फी. मग आम्ही त्यांनाच विचारतो, “बाबा, काय पाहून आला?”

शहरात नवे काही उभे राहिले की आपण पाहुण्यांना ते दाखवायला नेतो. घरातील वडीलधाऱ्यांनाही एकदा न्यावे, असे मला आता वाटते. आपल्याला जे नवे दिसते, त्यातूनच त्यांची जुनी वाट निघत असेल.