आस्मानातले टपाल

मलकपेठेत राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींना आस्मानगडाची टेकडी ओळखीची आहे. आकाशाशी आमचे नाते मात्र त्या नावापुरतेच नाही; ते जुळले टपालामुळे.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून एका इंजिनाचे पस मॉथ विमान मुंबईकडे हाकारले. सोबत प्रवासी नव्हता. होती सुमारे २५ किलो पत्रे, इंपीरियल एअरवेजने विलायतेहून कराचीपर्यंत आणलेली. रेडिओ नव्हता, वाट दाखविणारे यंत्र नव्हते. अहमदाबादेस पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले. दुपारी विमान जुहूच्या मैदानावर उतरले. गोष्ट बहुधा इथेच संपविली जाते.

टपाल मात्र जुहूला थांबले नव्हते. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. या सेवेची कल्पना टाटांकडे घेऊन आले तेही व्हिन्सेंटच. १९४२ साली, ऐन महायुद्धात, विलायतेहून परतताना त्यांचे विमान नाहीसे झाले. उड्डाणाच्या उत्तरार्धाबरोबर त्यांचे नावही लोकांच्या स्मरणातून मागे पडले.

आम्हाला मात्र तो उत्तरार्धच जवळचा वाटतो. आमचे आजोळ परभणीकडचे. आजी गेल्याची तार आली, आणि ‘आता बरे आहे, काळजी करू नका’ असे तिने लिहवून घेतलेले पत्र त्यानंतर चार दिवसांनी आमच्या दारात पडले. आईने ते उंबऱ्यात बसून दोनदा वाचले. दोष कुणाचा नव्हता, अंतराचा होता. तेव्हापासून पत्र वेळेवर पोचणे ही गोष्ट आम्ही कधीच साधी मानली नाही.

म्हणूनच त्या पहिल्या दिवसाच्या धाडसापेक्षा पुढच्या नेमाचे मोल आम्हाला अधिक वाटते. पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलाने भरे. तेव्हा सेवेचा मुक्काम पुण्याला हलविला जाई, पण टपाल जात राही. पुढे त्या मार्गावर बेल्लारीच्या जागी हैदराबादचा थांबा आला आणि आकाशातली ती वाट आमच्या शहराशी जोडली गेली. पहिल्या उड्डाणाची तारीख इतिहास जपतो. नंतरच्या असंख्य उड्डाणांची नोंद उरते ती पत्राची वाट पाहणाऱ्या माणसांच्या मनात. कुणाचे तरी ‘बरे आहे’ हे शब्द वेळेत पोचल्याचे समाधान, इतकीच.