कळविण्यात येते की…

मराठी माणसाच्या वाचनात साहित्याचा वाटा किती आणि सूचनांचा किती, याचा हिशेब मांडला तर निकाल साहित्याच्या बाजूने लागण्याची शक्यता कमीच. नगरपरिषदेच्या फलकावरील जाहीर सूचना, पाणीपुरवठा बंद राहणार असल्याचे निवेदन, घरपट्टीची मागणी, हे गद्य वाङ्मयेतिहासाने कधी आपले मानले नाही. त्याला लेखक नसतो, शैली नसते आणि त्याचे आयुष्य फलकावरच्या टाचणीइतकेच असते. तरीही २०२० च्या पाडव्यापासून २०२२ च्या पाडव्यापर्यंत महाराष्ट्रातील लहानलहान शहरांत हेच गद्य सर्वांत अधिक वाचले गेले. केवळ वाचले गेले असे नव्हे, तर त्यावर माणसांचे जगणे अवलंबून राहिले. एखाद्या वाङ्मयप्रकाराला याहून मोठी कसोटी क्वचितच लागते.

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोरोनाची साथ ही महामारी असल्याचे घोषित केले. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला आणि २४ मार्चच्या रात्री देशव्यापी टाळेबंदीची घोषणा झाली. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. त्याच आठवड्यात सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेले इस्लामपूर, ज्याचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय पुढे २०२५ साली झाला, राज्याच्या बातम्यांत आले. परदेशातून परतलेल्या एका कुटुंबातील चौघांना लागण झाल्याचे २३ मार्चला निष्पन्न झाले आणि आठवडाभरात त्यांच्या निकटच्या माणसांसह ही संख्या पंचविशीच्या घरात गेली. रुग्णांवर मिरजेच्या शासकीय रुग्णालयात उपचार झाले. त्यांच्या वस्तीभोवतीचा परिसर बंद झाला. एप्रिलच्या मध्यापर्यंत त्यांतील बहुतेक जण बरे झाले आणि ज्या शहराकडे भीतीने पाहिले जात होते त्याचेच उदाहरण इतरांना दिले जाऊ लागले. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे सदुसष्ट हजार वस्तीचे हे शहर. एवढ्या शहरात ओळखीचा धागा कोणाही दोन माणसांना तिसऱ्या माणसापाशी जोडतो. अशा ठिकाणी नगरपरिषदेने नागरिकांना काय सांगायचे, किती सांगायचे आणि कोणत्या शब्दांत सांगायचे, हा प्रश्न प्रशासनाचा असतो तितकाच भाषेचाही असतो.

लहान शहरातील सूचनेचा उगम त्या शहरात नसतो. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली दिल्लीत आदेश निघे. त्याला अनुसरून मंत्रालयात दुसरा निघे. जिल्हाधिकारी तिसरा काढीत आणि नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांच्या स्वाक्षरीने चौथा नागरिकांपर्यंत पोहोचे. इंग्रजीत जन्मलेला मजकूर वाटेत मराठी होई. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने घडविलेली परिभाषा त्याला अंगरखा देई. ‘संदर्भ क्रमांक १ अन्वये’ असे म्हणत म्हणत हा मजकूर जेव्हा घंटागाडीच्या ध्वनिक्षेपकावर येई, तेव्हा गाडीवरच्या माणसाला त्याचा आणखी एक अनुवाद करावा लागे. संचारबंदीच्या वेळा, भाजीबाजाराची नवी जागा, औषधांची दुकाने, कोणता रस्ता बंद आणि कोणता चालू, एवढेच तो सांगे. दवंडीची परंपरा या देशात फार जुनी आहे. दवंडी देणारा माणूस शब्दांची काटछाट करतो, कारण त्याला ऐकणाऱ्याचा चेहरा दिसत असतो. कागद लिहिणाऱ्याला तो दिसत नाही. घंटागाडीवरच्या त्या अनाम माणसाचे भाषांतर हे या चार भाषांतरांपैकी सर्वांत जबाबदार भाषांतर होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

याच काळात वाचकही बदलला. भ्रमणध्वनीवर एकाच दिवशी एकाच सूचनेच्या तीन-चार प्रती येत. एकीत दुकाने दुपारी दोनपर्यंत उघडी, दुसरीत सायंकाळी पाचपर्यंत, तिसरीत संपूर्ण बंद. मग जावक क्रमांक पाहिला जाई, दिनांक ताडला जाई, शिक्का स्पष्ट आहे का, स्वाक्षरी नेहमीचीच आहे का, याची शहानिशा होई. जुन्या पोथ्यांचे संपादक जी पाठचिकित्सा आयुष्यभर करतात, ती किराणा दुकानासमोर उभ्या असलेल्या माणसाला रांगेत उभ्याउभ्या करावी लागली. प्रक्षिप्त मजकूर कसा ओळखावा हे त्याला कोणी शिकविले नव्हते. पण चुकीचा पाठ स्वीकारला तर पोलिसांची काठी, आणि खरा पाठ नाकारला तर घरात धान्य नाही, हे त्याला ठाऊक होते.

या सूचनांच्या व्याकरणात एक जुनी खोड होती. ‘सर्व नागरिकांना कळविण्यात येते की’ या वाक्यात कळविणारा कोण? ‘उल्लंघन करणाऱ्यांवर कारवाई करण्यात येईल’ या वाक्यात कारवाई करणारा कोण? मराठीच्या कर्मणी आणि भावे रचनांनी कर्त्याला झाकण्याची जी सोय करून दिली, तिचा सर्वाधिक लाभ शासनव्यवहाराने घेतला. या खोडीचे मूळ केवळ भाषेत नाही. ज्या कायद्याचा आधार २०२० च्या मार्चमध्ये महाराष्ट्र शासनाने घेतला, तो साथरोग प्रतिबंधक कायदा ४ फेब्रुवारी १८९७ चा. मूळ कायदा अवघ्या चार कलमांचा. त्यातील दुसरे कलम जाहीर सूचनेद्वारे नियम घालून देण्याचा अधिकार शासनाला देते, तिसरे कलम न ऐकणाऱ्याला शिक्षा सांगते आणि चौथे कलम सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण देते. म्हणजे या कायद्यात जाहीर सूचना आहे. पण तिचे काम माहिती देणे हे नाही, नियम उत्पन्न करणे हे आहे. नागरिकाला काय कळले, हा प्रश्न त्या चार कलमांत कोठेही उपस्थित होत नाही.

तो उपस्थित न झाल्याचे परिणाम त्याच वर्षी पुण्याने पाहिले. शहराला नगरपालिका होती. पण प्लेगच्या बंदोबस्ताची सूत्रे रँडच्या अध्यक्षतेखालील विशेष समितीकडे गेली आणि गोरे सोजीर घराघरांत शिरून तपासणी करू लागले. रोग खरा होता, रुग्णाला वेगळे काढण्याची गरजही खरी होती. परंतु ज्यांच्या स्वयंपाकघरात आणि देवघरात ही तपासणी झाली, त्यांच्याशी कोणी बोलले असे त्यांना वाटले नाही. आपली झडती झाली, एवढेच वाटले. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी जे केले त्याचा इतिहास सर्वज्ञात आहे. त्याच पुण्यात त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. डॉक्टर मुलाच्या दवाखान्यात प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना त्यांना लागण झाली होती. एकाच साथीत, एकाच शहरात परक्याच्या घरात शिरण्याचे हे दोन मार्ग दिसले. एक हुकमाचा, दुसरा शुश्रूषेचा.

सव्वाशे वर्षांनी आलेल्या साथीला नवे शब्द हवे होते आणि मराठीने ते जवळच्या कोशातून उचलले. ‘टाळेबंदी’ हा शब्द गिरणी-कारखान्यांच्या तंट्यांतला. मालकाने कामगारांना दाराबाहेर ठेवण्यासाठी वापरलेला. ‘संचारबंदी’ आणि ‘जमावबंदी’ हे शब्द दंगलीतून आलेले. म्हणजे रोगाशी झुंजताना भाषेने शब्द घेतले ते संपाचे आणि दंगलीचे. शुश्रूषेच्या शब्दकुळातून तिने फारसे काही घेतले नाही. ‘अलगीकरण’ आणि ‘विलगीकरण’ यांतला कोणता शब्द रोग्यासाठी आणि कोणता संशयितासाठी, याचा घोळ शेवटपर्यंत मिटला नाही. अखेर लोकांनी ‘क्वारंटाइन’ हाच शब्द मराठी करून टाकला. घरी विलग राहायचे असलेल्यांच्या डाव्या हातावर निवडणुकीच्या शाईने शिक्का उमटविण्याचा निर्णय राज्याने मार्च २०२० मध्ये घेतला, तेव्हा तर सूचना कागदावरून माणसाच्या देहावर उतरली.

सर्वांत अवघड ठरला तो ‘सामाजिक अंतर’ हा शब्द. जागतिक आरोग्य संघटनेनेच मार्चमध्ये त्याऐवजी ‘शारीरिक अंतर’ म्हणणे पसंत केले. कारण अंतर देहांत हवे होते, माणसांत नव्हे. पण जेथे सामाजिक अंतर शतकानुशतके जन्मावरून मोजले गेले, सावलीचाही विटाळ मानला गेला आणि त्याची साक्ष दलित आत्मकथनांनी दिली, तेथे हा शब्द सूचनेत येताना सोबत काय घेऊन आला, याचा विचार तो योजणाऱ्यांनी केला नसावा. शाळेच्या मैदानावर भरलेल्या भाजीबाजारात फक्कीने आखलेले चौकोन मात्र सगळे सारख्या मापाचे होते. शब्दाने जे सांगितले नाही ते त्या चौकोनांनी सांगितले.

सूचनेचा दुसरा भाग आकड्यांचा. आजचे नवे रुग्ण, बरे झालेले, उपचाराखाली असलेले, मृत. महानगरात हे आकडे आकडेच राहतात. लहान शहरात ‘प्रभाग क्रमांक अमुक, पुरुष, वय बावन्न’ एवढे लिहिले की नाव लिहिण्याची गरज उरत नाही. नाव प्रसिद्ध न करण्याचा नियम पाळूनही माणूस उघडा पडतो. बरा होऊन परतल्यावर दूधवाला दाराशी थांबत नाही आणि शेजारची खिडकी त्याच्यासाठी बंदच राहते. आणि आकडे दिलेच नाहीत, तर? मग रिकाम्या जागेत अफवा येते, आणि अफवेला नाव, गल्ली आणि धर्मही लागतो. माहिती देण्याने माणसाची अब्रू जाते आणि न देण्याने वस्तीची, अशा या कोंडीतून मार्ग काढायचा तो शब्दांनीच. ज्या शहरांनी रुग्ण मोजताना बरे झालेल्यांचा आकडा तितक्याच ठळकपणे दिला आणि कोणाला दोष न देता परिसर का बंद केला याचे कारण सांगितले, त्यांनी ही कोंडी थोडीशी सैल केली.

मराठीजवळ यासाठी एक मोठे साधन आहे. ‘आम्ही’ या सर्वनामात ऐकणारा नसतो. ‘आपण’ या सर्वनामात तो असतो. शिवाय ‘आपण’ हा आदराचा द्वितीय पुरुषही आहे. जोडणे आणि मान देणे ही दोन्ही कामे एकच शब्द करतो. ‘आपण सर्वांनी काळजी घेऊ’ असे म्हणणारा अधिकारी स्वतःला वाक्याबाहेर ठेवू शकत नाही. या दोन वर्षांच्या सूचनांत ‘कळविण्यात येते’ आणि ‘आपण’ यांची ओढाताण सतत दिसते. कित्येकदा एकाच कागदावर, पहिल्या आणि शेवटच्या परिच्छेदात. सप्टेंबर २०२० मध्ये राज्याने ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू केली. तिच्यातील घरोघर जाऊन केलेली पाहणी उपयोगाची होती. पण घोषणेत प्रथमपुरुष नागरिकाच्या तोंडी घातला गेला. बोलते शासन, ‘माझी’ म्हणतो नागरिक. आणि शासनाची जबाबदारी कोणत्या सर्वनामात सांगायची, हा प्रश्न तसाच राहतो.

१६ जानेवारी २०२१ पासून लसीकरण सुरू झाले आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात दुसरी लाट आली. तेव्हा केंद्राचे नाव, मात्रांची संख्या, पहिली की दुसरी मात्रा, एवढ्या तीन-चार ओळींसाठी माणसे पहाटेपासून रांग धरीत. कित्येक दिवशी फलकावर एकच वाक्य असे : आज लस उपलब्ध नाही. त्यात आश्वासन नव्हते, धमकी नव्हती, संदर्भ क्रमांकही नव्हता. लोक चिडले, पण त्या वाक्यावर कोणी अविश्वास दाखविला नाही. शासकीय गद्याला दुर्मिळ असलेला सच्चेपणा अभावाने त्याला दिला.

आणि मृत्यूविषयी? अंत्यविधीला वीसांहून अधिक माणसे नकोत, हे सूचनेने सांगितले. ‘नियमानुसार अंत्यविधी करण्यात येईल’ हेही सांगितले. येथे कर्मणी रचनेचा दुसरा चेहरा दिसतो. तिने हुकूम देणाऱ्याला झाकले, तसेच ज्यांनी ते काम केले त्यांनाही झाकले. नातेवाईक दूर उभे असताना, किंवा आलेच नसताना, प्लास्टिकच्या पोशाखात घामाने भिजत मृतदेह उचलणारे, लाकडे रचणारे, कबर खोदणारे, अग्नी देणारे कोण होते? बहुतेक ठिकाणी ते नगरपरिषदांचे सफाई कामगार होते. त्यांतले कित्येक कंत्राटी, आणि बहुतांश त्या जातींतले, ज्यांना समाजाने पिढ्यान्‌पिढ्या अंतरावर ठेवले. परक्याच्या आईबापांना शेवटचा स्पर्श त्यांनी केला. ‘करण्यात येईल’ या क्रियापदाला त्यांची नावे माहीत नाहीत. १८९७ च्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती होऊन आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांना शिक्षा आली, हे योग्यच झाले. पण व्याकरणात अशी दुरुस्ती कोण करणार?

३१ मार्च २०२२ रोजी राज्याने निर्बंध उठविण्याचा निर्णय जाहीर केला आणि २ एप्रिलच्या पाडव्यापासून ते संपले. सूचनांचे कागद दप्तरात गेले किंवा रद्दीत. नगरपरिषदांच्या फलकांवर पाणीपट्टी आणि घरपट्टी परतली. वाङ्मयाच्या अभ्यासकाने ते जुने कागद एकदा तरी क्रमाने लावून वाचावेत. त्यांत चुका आहेत, पुनरुक्ती आहे, काल काढलेला आदेश आज रद्द केल्याची कबुली आहे. आणि पहिल्या पानावर नसलेली एक गोष्ट पुढच्या पानांवर हळूहळू उमटलेली आहे. मजकुराच्या तळाशी संपर्कासाठी एका माणसाचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक येऊ लागतो. कर्ता नसलेल्या त्या गद्याला तेवढ्यापुरता एक कर्ता मिळतो. रात्री दोन वाजता कोणी तो क्रमांक फिरविला असेल, पलीकडून कोणी उचललाही असेल. तो संवाद कोणत्याही दप्तरात नाही.