शंभरांतले बारा

काही माणसांना कोणतीही गोष्ट मोजल्याखेरीज चैन पडत नाही. आमच्या महाविद्यालयातले पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक त्यांतलेच. कोजागिरीला आम्ही दोन कुटुंबे लोणावळ्यास गेलो, तेव्हा आमच्या पिशवीत चिवडा होता आणि त्यांच्या पिशवीत प्रकाशमापक!

सकाळी त्यांनी बंगलीच्या चुन्याच्या भिंतीपासून आरंभ केला. यंत्राचे तोंड आधी उजेडाकडे करायचे, मग भिंतीकडे. आपली सावली मात्र आड येऊ द्यायची नाही. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले की झाले. भिंत शंभरांतला सत्तरांहून अधिक प्रकाश परतवीत होती. दुपारी कार्ल्याचा उन्हातला काळा कातळ पाहिला, तो जेमतेम दहा-बारा. चैत्यगृहात पश्चिमेच्या कमानीतून ऊन आत येते. पण असल्या दगडावर दोनदा आपटले की शंभरांतला एकच भाग उरायचा. कोपऱ्यांतल्या त्या गंभीर काळोखाचे गुपित हे!

संध्याकाळी वळवणचा तलाव. किरण सरळ वरून पडले, तर पाणी शंभरांतले दोनच परत देते. ते तिरपे होत गेले की त्याचे औदार्य वाढते, आणि सूर्य टेकायला आला की निम्म्याहून अधिक! “तळे सोन्याने मढते असे तुम्ही वर्गात सांगता ना? ते बरोबर आहे हो,” असे प्रशस्तिपत्रही मला मिळाले.

रात्री चंद्र वर आला. सौ.ने दूध आटवायला ठेवले होते.

“आता याचे किती?” मी विचारले.

“सरासरी बारा. दुपारच्या त्या कातळाइतके. जुन्या डांबरी रस्त्याइतके म्हणा.”

सौ.चा डाव पातेल्यातच थांबला. मला तर रागच आला. रुपेरी, दुधाळ, शुभ्र अशी विशेषणे वीस वर्षे पोटतिडकीने शिकवणाऱ्या माणसाला हे ऐकवायचे? पण गृहस्थ थांबेनात. अपोलो-११ च्या अंतराळवीरांनी १९६९ साली चंद्रावरून आणलेल्या दगडांत बेसाल्ट होता. आपल्या सह्याद्रीचा कातळही बेसाल्टच. भोवती काळेकुट्ट आकाश आणि अंगावर थेट ऊन, म्हणून तो पांढरा दिसायचा, एवढेच!

म्हणजे शंभरांतले अठ्ठ्याऐंशी स्वतःजवळ ठेवून, उरलेल्या बारांवर याने इतके कवी पोसले. असा काटकसरी यजमान मी दुसरा पाहिलेला नाही.

मग त्यांनी चांदणेच मोजायला घेतले. ते भर दुपारच्या उन्हाच्या सुमारे चार लाखांश. यंत्राला ते पेलेना. आकडा शून्यावरून हलेना. ते टिचक्या मारीत बसले. मी मनगटावरच्या घड्याळात पाहिले. काटे स्वच्छ दिसत होते. बाराला पाच कमी होते, आणि सौ. पेले भरू लागली होती.