मोजपट्टी उलगडण्याआधी

बारावीचे निकाल लागले की धर्मग्रामातील आईवडील मुलांना घेऊन आमच्याकडे येतात. सल्ला देण्याची आम्हांस सवय आहे. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो. लाकूड आणि प्रकाश यांविषयी मात्र काहीच शिकलो नाही. तरीही काही वर्षांपूर्वी इंटिरिअर डिझाइन शिकू इच्छिणाऱ्या एका मुलीला आम्ही सांगून टाकले, "बाळ, श्रीमंतांच्या घरचे पडदे निवडायला एवढा खर्च कशाला? बी.कॉम. कर." वडिलांनी आमचा शब्द मानला. मुलीचे एक वर्ष वाया गेले.

पुढे ती आपल्या वाटेने गेली. अलीकडे चर्चच्या बाकांचे काम निघाले तेव्हा तीच आली. मोजपट्टी तिने लगेच उलगडली नाही. सकाळच्या मिस्साला मागे बसून राहिली आणि नंतर हळूच म्हणाली, "फादर, म्हाताऱ्या बायांना उठताना हात टेकायला जागा नाही. म्हणून त्या गुडघे टेकत नाहीत."

याच गोष्टीवरून आम्ही प्रवचनात श्रद्धा आटल्याची खंत केली होती!

त्या दिवशी या विद्येचा अर्थ आम्हांस कळला. जागा सजवण्याआधी तिथे वावरणाऱ्या माणसाकडे पाहावे लागते. मग वाटा पुष्कळ आहेत: घरे, कार्यालये, दुकाने, रुग्णालये, प्रदर्शने, नाटक-चित्रपटांचे नेपथ्य. कोणी फर्निचरकडे वळतो, कोणी प्रकाशयोजनेकडे. कोणी अंदाजपत्रके करतो, तर कोणी साइटवर देखरेख.

तयारी घरीच सुरू होते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा मुलांनी जरूर द्याव्यात. स्वतःची खोली मोजून तिचा नकाशा काढावा. ३ मीटरची भिंत १:५० प्रमाणात कागदावर ६ सेंटीमीटर होते. आई स्वयंपाकाच्या ओट्याशी किती वाकते, तेही टिपून ठेवावे. संगणकावरील आरेखन पुढे शिकता येते. मुंबईत १८५७ साली सुरू झालेले सर ज. जी. कला महाविद्यालय आहे, अहमदाबादेत सेप्ट आहे. शिक्षण कुठेही घेतले, तरी सुट्टीतले काही दिवस सुताराच्या हाताखाली काढावेत. प्लायवुड कुठे फुगते आणि बिजागरी का कुरकुरते, हे तोच दाखवील.

पालकांनी एक भेदही ध्यानात घ्यावा. १९७२ च्या कायद्यानुसार 'आर्किटेक्ट' ही उपाधी नोंदणीकृत व्यक्तीसच लावता येते. अंतर्गत रचनेच्या पदविकेने ती मिळत नाही. आणि भार पेलणारी भिंत हलवण्याचा निर्णय इंजिनिअरला विचारल्याविना कोणी घेऊ नये.

नवे बाक आता आले आहेत. त्यांच्या कडेला हाताच्या पकडीएवढी गोल पट्टी आहे. पहिल्या रविवारी पुढच्या रांगेतील एक आजी तिला धरून गुडघ्यांवर गेल्या, आणि तिलाच धरून उठल्या.

त्या मुलीची आम्ही क्षमा मागितली आहे. आता कोणी सल्ला विचारावयास आले, की आधी मुलाला बोलू देतो.